डाक आवृत्तीत जिंकलेली बाई

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, पुरस्कार सोहळ्यांच्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं." हलकंफुलकं मी सव्वीस वर्षं लिहिलं. आधी अकोल्याच्या आवृत्तीत, मग अमरावतीच्या. सिनेमा आणि मालिकांचं पान माझ्याकडे होतं, आणि दर मोसमात कोणाला कोणतं बक्षीस मिळणार हे सांगायचं कामही माझ्याकडे. सदराचं नाव 'आमचा कौल'. सोहळ्याआधी कौल, सोहळ्यानंतर प्रतिक्रिया. गेल्या वर्षी मी ते सदर बंद केलं. का केलं ते लिहिते. हलकं होणार नाही.

आधी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं की कौल देणारा माणूस सगळे सिनेमे पाहतो, अभिनय तोलतो आणि मग ठरवतो. मीही पहिली दोन वर्षं तसंच केलं आणि सपाटून चुकले. तिसऱ्या वर्षी शहाणी झाले. अभिनय बघणं सोडलं, खुणा बघायला लागले. कोणत्या नटीने सोहळ्यात नाचायचं कबूल केलं? कोणाच्या मालिकेचं चित्रीकरण त्याच दोन दिवसांत थांबलंय? बसायला कडेची खुर्ची कोणाला दिली? जिंकणाऱ्याला मधल्या रांगेतून लोकांचे पाय तुडवत जायला लावत नाहीत, कॅमेऱ्याला ते बरं दिसत नाही. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे, आयोजकांचा कॅमेरा कोणाच्या घरी जाऊन आला? घर, आई, शाळा, अंगण असं सगळं टिपून नेलं की त्या माणसाचं नाव मी डोळे मिटून लिहायची. ही खूण कधीच चुकली नव्हती. लोक म्हणायचे, बाईला सिनेमातलं कळतं. मला खुर्च्यांतलं कळत होतं.

वाचकांसाठी स्पर्धाही असायची. कूपन भरा, बरोबर कौल देणाऱ्याला स्टीलचा डबा. तेल्हाऱ्याचे एक मुख्याध्यापक दरवर्षी चाळीस मुलांच्या नावाने चाळीस कूपनं पाठवायचे. चाळीस वेगवेगळी हस्ताक्षरं, सगळी त्यांचीच. मी एकदा फोन करून म्हटलं, "सर, सगळ्या पोरांचा 'र' सारखाच कसा?" तर म्हणाले, "मीच शिकवला ना त्यायले!" अकोल्याच्या एक बाई निकालाच्या दुसऱ्या दिवशी न चुकता फोन करून भांडायच्या. "तुमी तिले काहून हरवलं?" मी सांगायची की बाई, आम्ही हरवत नाही, आम्ही फक्त अंदाज करतो. त्या म्हणायच्या, "मंग छापता काहून? छापलं म्हंजे झालंच ना." तेव्हा मी हसून फोन ठेवायची. आता त्या बाई आठवल्या की हसू येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्तमानपत्र एकच दिसतं, पण ते एका वेळी छापलं जात नाही. लांबच्या तालुक्यांना जाणारा अंक लवकर छापावा लागतो, कारण गाडीला तिथवर पोचायचं असतं. त्याला आम्ही डाक आवृत्ती म्हणतो. साडेआठला तिची पानं सोडायचीच. शहराची आवृत्ती मागाहून, ताज्या बातम्या घेऊन. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, तेल्हारा यांना जे मिळतं, ते शहरापेक्षा चार-पाच तास शिळं असतं. सोहळ्याचा निकाल बहुतेकदा साडेआठपर्यंत येत नाही. म्हणून आम्ही आपल्या भागातल्या उमेदवारासाठी दोन मजकूर तयार ठेवायचो, एक जिंकल्याचा आणि एक हरल्याचा. निकाल आला नाही तर दोन्ही बाजूला ठेवून 'निकालाची उत्सुकता' असा तिसराच मुळमुळीत मजकूर डाकेला लावायचा. हा नियम मीच केला होता.

आता सुमनबाई.

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर त्यांचं वावर आहे. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटे दीर भाऊराव आणि त्यांची बायको यांच्याबरोबर एकत्र राहतात. चिखलदऱ्याला एका मराठी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. दिग्दर्शकाला अंजनगावच्या बाजारात फुलं विकणारी सुमनबाई दिसली, आणि त्याने तिला आईची भूमिका दिली. कधी नाटकात उभी न राहिलेली बाई. त्या सिनेमात एक प्रसंग आहे. कोर्टाबाहेरच्या बाकावर ती निकालाची वाट पाहत तुरीच्या शेंगा सोलते. बोलत काहीच नाही. शेवटी दाण्यांची वाटी भरते, आणि ती रिकाम्या शेंगाच पदरात बांधून घेते, दाणे बाकावर राहतात. मी तो प्रसंग पाहिला आणि कित्येक वर्षांनी अभिनयाकडे पाहिलं.

मी त्यांना विचारलं, "सुमनबाई, समोर कॅमेरा आहे हे तुमी विसरल्या होत्या काय?"

"इसरन कशी? येवढा मोठा डबा होता समोर. पन त्याच्याकडं काय पाहाचं? तुरीत कीड आहे का थे पाहून राहिली होती मी."

त्यांना सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. त्यावर बातमी करायला मी वावरात गेले तेव्हा झेंडूचा तोडा चालू होता. दसरा दहा दिवसांवर. भाऊराव बांधावरूनच म्हणाले, "वैनीले आता तोड्याले वेळ नाही. हिरवीन झाली ना वैनी."

सुमनबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "हिरवीन झाली तरी तुमच्या दुप्पट तोडते, भाऊराव."

पण गोष्ट थट्टेवर थांबणारी नव्हती. त्याच दिग्दर्शकाने दुसऱ्या सिनेमासाठी बोलावलं होतं. या वेळी मोठी भूमिका, दीड महिना बाहेर राहायचं. घरात त्यावरून महिनाभर धुसफूस होती. भाऊरावांनी अखेर चारचौघांत सांगून टाकलं होतं, "बक्षीस आनलं तं मी सोता गुलाल उधळतो, अन् जा म्हनतो दुसऱ्या पिच्चरले. नाही आनलं तं पिच्चरचं नाव या घरात काढाचं नाही." सुमनबाईंनी ती अट मान्य केली होती.

त्यांनी फुलांची टोपली खाली ठेवली आणि मला सरळ विचारलं, "बाई, तू पेपरात लिवते म्हनते कोनाले भेटन थे. मंग मले सांग. भेटनार असन तं जाते. नसन तं दसऱ्याचा तोडा सोडून मी कायले मुंबईले जाऊ? नामांकन भेटलं, तेवढ्यावर भाऊरावशी भांडीन घरी बसून."

मी विचारलं, "आयोजकांकडून कोणी आलं होतं काय?"

"आले होते ना चार पोट्टे. घर काढलं, वावर काढलं, मले चुलीपाशी बसवलं. गॅस आहे म्हनलं घरात, तं म्हने चूल पाह्यजे. शेजारनीच्या चुलीपाशी बसली मंग. अन् म्हने येतानी झेंडूची टोपली घेऊन या."

कॅमेरा घरी येऊन गेला होता. पक्की खूण. दुसऱ्या दिवशी मी बसण्याची व्यवस्था काढली, तर खुर्ची कडेची. मी त्यांना फोन करून म्हटलं, "जा. तुम्हालाच आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

हा शब्द मी तोंडातून काढला. अंदाज म्हटलं नाही, शक्यता म्हटलं नाही. टोपलीचा आणि चुलीचा विचार तर मनात आलाच नाही. सव्वीस वर्षांत ज्यांच्या घरी कॅमेरा गेला ते सगळे नावाजलेले होते. त्यांना कोणी टोपली आणायला सांगितली नव्हती, कोणी शेजारच्या चुलीपाशी बसवलं नव्हतं. ही वेगळी खूण होती. ती मला वाचता आली नाही, आणि मी स्वतःला त्या कामातली जाणकार समजत होते.

त्याहून मोठी चूक कार्यालयात केली. सुमनबाईंसाठी मी एकच मजकूर लिहिला, जिंकल्याचा. फोटो, शेंगांचा प्रसंग, सगळं झकास. आमच्याकडे पान लावायचं काम गजानन करतो. तो म्हणाला, "ताई, दुसरा मजकूर?"

"लागणार नाही."

"अन् डाकेला?"

"मी तिथूनच फोन करते. साडेआठपर्यंत फोन आला नाही तर मिळालं समज आणि सोड."

"ताई, तुमचाच नियम आहे ना?"

"गजू, सोड म्हटलं ना."

मी सुमनबाईंसोबत मुंबईला गेले. गाडीत त्यांनी आभाराचं भाषण पाठ केलं. चारच वाक्यं, मीच बसवून दिलेली. "मले हे बक्षीस भेटलं त्यात माह्या वावराचा वाटा आहे..." अशी सुरुवात. बडनेऱ्यापासून नाशिकपर्यंत त्यांनी ती वीस वेळा तरी म्हटली. मांडीवर टोपली, वर ओलं फडकं. फुलं पहाटे त्यांनी स्वतः तोडली होती, निवडून, एकसारखी.

सभागृहाच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतले. एका पिशवीत टाकून वर क्रमांक चिकटवला. कार्यक्रमातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. हा नियम सगळीकडे असतो; मी पंचवीस सोहळ्यांबद्दल लिहिलं होतं, पण एकातही आत बसले नव्हते. साडेआठचा फोन आता करता येणार नव्हता. तरी मनात म्हटलं, मिळणारच आहे, फोन कशाला लागतो.

सहायक अभिनेत्रीच्या पुरस्काराआधी पडद्यावर सुमनबाईंचं घर दिसलं. शेजारणीची चूल दिसली. करुण सनई. मग दिवे लागले आणि निवेदक थेट खाली उतरून आमच्या रांगेशी आला. कडेची खुर्ची त्याच्या सोयीसाठी होती. त्याने टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, कंबर हलवली आणि वऱ्हाडीची नक्कल करत म्हणाला, "काहून व माय, कशी दिली फुलं?" सभागृह हसलं. कोणत्याही वऱ्हाडी बाईने उभ्या जन्मात त्या सुरात शब्द काढलेला नाही. मग त्याने माइक पुढे केला. "मावशी, बक्षीस मिळालं तर काय बोलाल?"

सुमनबाईंना वाटलं, मिळालं. मी पक्कं म्हटलं होतं ना. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात सुरू झाल्या, "मले हे बक्षीस भेटलं त्यात माह्या वावराचा वाटा आहे..."

"अहो मावशी, थांबा थांबा! अजून मिळालं नाही!"

इतका हशा त्या संध्याकाळी दुसऱ्या कशालाही झाला नाही. पुढच्या रांगेतली मोठी माणसं मागे वळून हसत होती. सुमनबाई उभ्याच होत्या. हशा ओसरल्यावर त्या माइकमध्ये म्हणाल्या, "इचारलं तुमीच. मंग हासता काहून?" त्यावर पुन्हा हशा. मग मंचावर पाकीट उघडलं. बक्षीस अर्ध्या तासापूर्वी नाचून गेलेल्या नटीला. नाचाची खूण माझ्या यादीत इतकी वर्षं पहिली असायची. त्या एका दिवशी विसरले.

मी फोन मागायला दाराकडे धावले. रखवालदार म्हणाला, कार्यक्रम संपल्याशिवाय पिशव्या उघडत नाहीत. मी त्याच्याशी भांडले, हात जोडले, पुन्हा भांडले. फोन हातात आला तेव्हा डाकेची गाडी दर्यापूरच्या पुढे होती. शहराच्या आवृत्तीत गजाननने दोन ओळींत खरा निकाल घेतला. म्हणजे अमरावतीत सुमनबाई हरल्या आणि अंजनगावात जिंकल्या.

परतीच्या गाडीत त्यांच्या जावेचा फोन आला. गावात अंक पोचला होता, बँडवाल्याला सांगून झालं होतं. सुमनबाईंनी "हो, येतो आमी" एवढंच म्हटलं आणि फोन बंद केला. मी त्यांना सगळं सांगितलं. मजकूर, साडेआठ, गजानन, पिशवीतला फोन. त्यांनी डब्यातली भाकरी काढली, ठेचा लावला, अर्धी मला दिली.

"मंग आता गावात कोन सांगन?"

"मी सांगीन."

"सांगजो." मग भाकरीचा तुकडा मोडत, "मी नाही सांगनार. माह्यं भाषन झालं."

चौकात बँड होता. फटाक्यांची माळ होती. आणि भाऊराव होते, टोपीपासून बंडीपर्यंत गुलालाने माखलेले. शब्द दिला होता तो त्यांनी पाळला होता, हे मला कबूल करायलाच हवं. ते पुढे आले आणि वहिनीच्या पायाशी वाकले. "वैनी, चुकलो. जा बिनधास्त दुसऱ्या पिच्चरले."

सुमनबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सांग बाई."

मी सांगितलं. बक्षीस मिळालेलं नाही. तुमच्याकडे आलेल्या पेपरात छापलं ते चुकीचं, शहराच्या अंकात खरं आलंय. ते मी लिहिलं आणि माझ्याच सांगण्यावरून छापलं, यात सुमनबाईंचा काही दोष नाही. बँडवाल्यांपैकी एकाला ऐकू गेलं नसावं, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला. भाऊरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि झटकली. बोलला तो मागे उभा असलेला एक म्हातारा. "शहरात खरं छापलं म्हनते बाई अन् आपल्याकडं खोटं. काहून? आपन काय जनावरं आहो?"

 

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे ठळक खुलासा मागितला, पहिल्या पानावर, माझ्या नावाने. ते म्हणाले, "डाकेतली चूक ना? कोणाच्या लक्षात राहते? आणि येत्या आठवड्यात सोहळ्याच्या प्रक्षेपणाची पानभर जाहिरात आहे आपल्याकडे. वाद नको." खुलासा आला. आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली, तीन ओळी. सोहळ्यात काय घडलं त्यावर मी पानभर प्रतिक्रिया लिहिली होती. तिच्यातून निवेदक गेला, टोपली गेली, चूल गेली. उरलेल्या मजकुरावर मथळा आला, 'सोहळा रंगला'. खाली माझं नाव. मी त्या दिवशी 'आमचा कौल' बंद करत असल्याचं लिहून दिलं. दोन महिन्यांनी नोकरीही सोडली. त्यात काही शौर्य नाही. राग इतका होता की त्या खुर्चीत बसून दुसरं काम होईना.

प्रक्षेपणाच्या आधी आठवडाभर त्या वाहिनीवर एकच जाहिरात दिवसातून कितीदा तरी लागायची. सुमनबाई उभ्या, पदर सारखा करतात, "मले हे बक्षीस भेटलं..." आणि "अजून मिळालं नाही!" हशा. त्यांचं पुढचं वाक्य, "इचारलं तुमीच," ते कापलं होतं. हसणाऱ्यांना जे उत्तर मिळालं ते कोणालाच ऐकायला मिळालं नाही. अंजनगावच्या बाजारात पोरं त्यांना बघून "अजून मिळालं नाही" ओरडायची. त्या फुलं तोलत राहायच्या. भाऊरावांनी अट पुन्हा बोलून दाखवली नाही, पण मागेही घेतली नाही. दुसऱ्या सिनेमाचं चित्रीकरण लांबलं होतं, आणि दिग्दर्शकाच्या फोनला सुमनबाई उत्तर देत नव्हत्या.

मला गाळलेल्या मजकुराचा राग आहे, निवेदकाचा आहे, बाजारभावाखालच्या तीन ओळींचा आहे. पण सगळ्यात जास्त राग 'पक्कं' या शब्दाचा आहे. बाकी सगळ्यांनी आपापला धंदा केला. विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर मी एकटीने दिलं.

यंदा पावसाळ्यात आयोजकांकडून एका मुलीचा फोन आला. गोड आवाज. "मॅम, तुमच्या त्या मावशी या वर्षी येतील का? लोकांना खूप आवडल्या होत्या. एक छोटंसं विनोदी काहीतरी बसवलंय." मी तिला काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तरी निरोप त्यांचा होता, तो पोचवणं भाग होतं. मी वावरात गेले. शेवंतीची लावण चालू होती. सुमनबाई ओणव्या, हात चिखलात.

"बाई, बक्षीस भेटनार आहे काय?"

"नाही. हसायला बोलावतायत."

त्यांनी एक रोप लावलं, बोटांनी माती दाबली. "आता बरोबर सांगतलं तुनं." दुसरं रोप घेतलं. "थ्या पिच्चरवाल्याचा नंबर आहे काय तुह्यापाशी? माह्या फोनमधला मी खोडून टाकला. लाव त्याले. दिवाळी झाली का येते म्हन. तिथं कोनी हासत नाही, काम करा लागते."

"अन् भाऊराव? बक्षीस तर आलं नाही."

"गुलाल उधळला ना त्यायनं. पायाबी लागले. थे का आता वापस घेता येते?" त्या ताठ झाल्या आणि वावराच्या त्या टोकाला हाक मारली. "भाऊराव! औंदा दसऱ्याचा तोडा मी पुरा करून देते. पन दिवाळीनंतरची शेवंती तुमाले तोडा लागन. मी घरी नाही राह्यत!"

त्या टोकाला भाऊराव उभे राहिले. मग आवाज आला, "किती दिवस?"

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "इचार थ्या पिच्चरवाल्याले. अन् अंदाज नको सांगू."

मी तिथेच बांधावर उभं राहून फोन लावला.